पावसाची टीम ट्रिक रूमसमोर दर वेळी का झोपते? रेग एच डबल्स

मुसळधार_पेलिपर

मंडळी जरा मदत करा. शोडाउनवर (पोकेमॉनच्या लढतींचा ऑनलाइन सिम्युलेटर) रेग एच डबल्स (टूर्नामेंटचा एक नियमसंच, दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात) खेळतोय, फोनच्या ब्राउझरवरच, कारण निन्टेंडो स्विचचा भाव लॅमिंग्टन रोडला विचारला आणि काही न बोलता पुढच्या दुकानाकडे बघत निघून आलो. लॅडरवर (रेटिंगच्या क्रमवारीत) अकराशेच्या आसपास लटकलोय, जरा वर गेलो की परत खाली. टीम पावसाची आहे. पेलिपर आला की त्याच्या ड्रिझल ॲबिलिटीने (आपोआप चालणारा अंगचा गुण) पाऊस सुरू, आणि पावसात आर्चालुडॉनचा इलेक्ट्रो शॉट चार्ज न करता त्याच टर्नला बसतो, वर स्पेशल अटॅक पण एक पायरी वाढतो, हे बघूनच मी ही टीम करायला घेतली. सहा जण असे (नाव, अंगावरचा आयटम, मग मूव्ह):

पेलिपर, फोकस सॅश (पूर्ण एचपी असताना एका फटक्यात पडू देत नाही): हरिकेन, वेदर बॉल, टेलविंड, प्रोटेक्ट
आर्चालुडॉन, असॉल्ट व्हेस्ट: इलेक्ट्रो शॉट, ड्रॅको मिटिऑर, फ्लॅश कॅनन, बॉडी प्रेस
बॅस्क्युलेजियन, स्विफ्ट स्विम (पावसात स्पीड दुप्पट करणारी ॲबिलिटी), लाइफ ऑर्ब: वेव्ह क्रॅश, लास्ट रिस्पेक्ट्स, ॲक्वा जेट, प्रोटेक्ट
ड्रॅगोनाइट, चॉइस बँड, एक्स्ट्रीम स्पीडवाला
गार्चोम्प, अर्थक्वेक आणि रॉक स्लाइड
व्होल्कारोना, हीट वेव्ह आणि क्विव्हर डान्स

ईव्ही (पोकेमॉनच्या आकड्यांत आपण वाटायचे पॉइंट) सगळ्यांना सरसकट 252 अटॅकमध्ये (ज्याचा जो असेल तो), 252 स्पीडमध्ये, उरलेले 4 एचपीत.

समोर साधी टीम असली की टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट) लावून धुऊन काढतो. पण समोर फारिगिराफ नाहीतर हॅटरीन दिसली की माझं संपलंच, ट्रिक रूम लागते, म्हणजे काही टर्न स्लो ते आधी, माझे सगळे फास्ट गडी शेवटी खेळतात आणि तो टॉर्कोल एका इरप्शनमध्ये दोघांना भाजून काढतो. पाऊस पण त्याच्या ऊन्हाने जातो. सगळे पोकेमॉन मेटातले (सध्या चलतीतले) आहेत, एकही टुकार नाही, मग नेमकं अडतंय कुठे?

ओयू_वाला

डबल्स म्हणजे नुसता गोंधळ भावा, सिंगल्सला ये. तिथे निदान दोन पोकेमॉनने एकालाच धरून मारलं असं होत नाही. आणि पाऊस आवडत असेल तर जुना जेन 5 ओयू (पाचव्या पिढीच्या गेम्सचा सिंगल्सचा एक प्रकार) बघ, तेव्हा ड्रिझलचा पाऊस थांबायचाच नाही, दुसरं वेदर येईपर्यंत चालूच, इतका की शेवटी ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकाच टीममध्ये ठेवायलाच बंदी घातली. जेन 6 पासून तो पाच टर्नवर आला. तुझा बॅस्क्युलेजियन तेव्हा असता तर लोकांनी लॅपटॉप फेकले असते.

गप्प_बस_स्नोरलॅक्स

वरचा सल्ला प्रेमाने बाजूला ठेव, तो प्रत्येक थ्रेडवर हेच लिहितो.

तुझे सहा पोकेमॉन एकेकटे चांगले आहेत, पण ते एकमेकांसाठी काही करत नाहीत. बघ, पाऊस पाडणारा तू, आणि व्होल्कारोनाची हीट वेव्ह पावसात निम्मी होते. म्हणजे आपल्याच पावसात आपलाच गडी भिजला. गार्चोम्पचा अर्थक्वेक शेजाऱ्याला पण लागतो, पेलिपर आणि ड्रॅगोनाइट उडतात म्हणून सुटतात पण आर्चालुडॉन स्टील-ड्रॅगन, त्याला ग्राउंड दुप्पट. मग गार्चोम्प आणि आर्चालुडॉन एकत्र उभे राहिले की एकाचा मुख्य मूव्ह बंद. आणि तू तर सहातले चारच आत नेणार. तुझ्या ह्या सहांतून खरं तर एकच चौकडी निघते, ती म्हणजे पेलिपर, आर्चालुडॉन, बॅस्क्युलेजियन आणि ड्रॅगोनाइट. समोरच्याला प्रिव्ह्यूमध्येच (लढतीआधी टीम दिसते तेव्हाच) कळतं तू काय आणणार. तो कशाला घाबरेल?

दुसरी गोष्ट. टेलविंड सोडून तुझ्याकडे कोण कधी खेळणार ह्यावर काहीच ताबा नाही. टेलविंड चार टर्न, त्यातला पहिला तो लावण्यातच जातो. फेक आउट (आधी बसून समोरच्याचा टर्न वाया घालवणारा) एकाकडेही नाही, टाँट (समोरच्याला फक्त हल्ल्याचे मूव्ह मारू देणारा) नाही, इंटिमिडेट नाही. समोरचा निवांत बसून ट्रिक रूम लावतो कारण त्याला अडवायला तू कुणी ठेवलेलाच नाहीस.

मी काय करेन सांगतो. गार्चोम्प आणि व्होल्कारोना काढ, रिलाबूम आणि इन्सिनरोअर घाल. हो, सगळे हेच घालतात, म्हणून नाकं मुरडू नकोस, कारण ऐक.

रिलाबूम आला की ग्रासी टेरेन लागतं. ग्रासी टेरेनमध्ये अर्थक्वेक निम्मा होतो, म्हणजे आर्चालुडॉनची एक मोठी डोकेदुखी कमी. जमिनीवर उभा असलेल्याला दर टर्नला एक सोळांश एचपी परत मिळतो, तो पण आर्चालुडॉनच्याच कामाचा, कारण त्याची स्टॅमिना ॲबिलिटी आहे, मार खाईल तसा डिफेन्स वाढतो, आणि डिफेन्स वाढला की बॉडी प्रेस जोरात बसतो. त्याला मैदानात जितका जास्त वेळ टिकवशील तितका तो समोरच्याच्या डोक्याला ताप.

इन्सिनरोअर फायर आहे मग पावसात काय उपयोग, असं विचारशील. त्याचं फायर कुणाला पाहिजे आहे? तो येतो, इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक पाडतो, फेक आउट मारतो, पार्टिंग शॉट मारून, समोरच्याचा अटॅक आणि स्पेशल अटॅक पाडत निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा फुकटात आत येतो. तो येऊन-जाऊन राहण्यासाठीच आहे. फक्त किंगॅम्बिट दिसला तर सांभाळून आण, डिफायंटवाला असेल तर तुझ्या इंटिमिडेटने त्याचा अटॅक एक पडून दोन चढतो. तसा किंगॅम्बिट आर्चालुडॉनच्या बॉडी प्रेसला चौपट खातो म्हणा.

आता ईव्ही. आर्चालुडॉनला 252 स्पीड कशासाठी? काहीच स्पीड न देता लेव्हल 50 ला त्याचा स्पीड 105 येतो. टेलविंडमध्ये 210. जॉली (स्पीड वाढवणाऱ्या नेचरचा) स्नीझलर फुल स्पीडचा 189 असतो, म्हणजे आयटम संपून अनबर्डनने त्याचा स्पीड दुप्पट झाला नसेल तर तू त्याच्या पुढेच आहेस. तेच 252 एचपीत टाक, 165 चा 197 होतो. एका ईव्ही स्प्रेडमध्ये पूर्ण एक हल्ला जास्त झेलणारा पोकेमॉन मिळतो आणि लोक सवयीने स्पीड भरत बसतात. सगळ्यांना 252-252-4 हे सिंगल्सचं खूळ आहे, ओयूवाल्या तू चिडू नकोस.

ओयू_वाला

चिडलो.

झिपऱ्या_बॉस

एवढं लेक्चर देण्यापेक्षा सरळ सांगा ना की तयार टीम उचल. टूर्नामेंटमध्ये वर आलेल्यांच्या टीम सगळीकडे पडलेल्या असतात, पेस्ट (टीमचा लिहिलेला मजकूर) घ्यायची, शोडाउनमध्ये इम्पोर्ट मारायची, खेळायला लागायचं. अकराशेला बसून ईव्ही वाटत बसणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. आधी खेळायला शीक. टीम नंतर बनव. मी तर अजून एक पण टीम स्वतः बनवलेली नाही आणि मजेत चाललंय.

कोथरूडची_जिगलीपफ

झिपऱ्या, अर्धं पटलं. उचललेल्या टीमने हात बसतो हे खरं आहे. पण उचललेल्या टीममध्ये इन्सिनरोअरला स्पीडमध्ये काहीतरी विचित्र आकडा दिलेला असतो, तो का दिलाय हे कळलं नाही तर तू तो नुसता पाठ केलेला असतो. कुणीतरी तो आकडा एका ठराविक पोकेमॉनच्या एक पॉइंट खाली राहायला दिलेला असतो, म्हणजे पार्टिंग शॉट त्याच्या मारानंतर जावा आणि आत येणारा मार न खाता यावा. मेटा हलला, तो समोरचा पोकेमॉन कुणी वापरेनासं झालं, की तो आकडा बिनकामाचा. तेव्हा उचल जरूर, पण कॅल्क्युलेटर उघडून प्रत्येक आकड्याला कारण विचार.

आता पेलिपरवाल्या, तुझा ट्रिक रूमचा प्रश्न. सगळ्या ट्रिक रूम सारख्या नसतात, लावणारा कोण त्यावर सगळं आहे.

ट्रिक रूमची प्रायॉरिटी (स्पीडच्याही आधी मूव्हचा क्रम ठरवणारा आकडा) उणे सात. म्हणजे त्या टर्नला सगळे खेळून झाल्यावर ती लागते. म्हणजे टाँट मारणारा कितीही स्लो असला तरी त्याला वेळ मिळतोच. पण:

फारिगिराफची आर्मर टेल असते, त्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या अंगावर तुझा कुठलाच प्रायॉरिटी मूव्ह जात नाही. फेक आउट नाही, ॲक्वा जेट नाही, ड्रॅगोनाइटचा एक्स्ट्रीम स्पीड पण नाही. तुझा ड्रॅगोनाइट चॉइस बँड लावून एक्स्ट्रीम स्पीडमध्ये लॉक होऊन बसला तर तो टर्न गेला समज. त्याला टाँटच मारायचा.

हॅटरीनला उलटं. तिची मॅजिक बाउन्स, टाँट मारलास तर तुलाच येऊन लागतो, पार्टिंग शॉट पण परत येतो. तिला फेक आउट चालतो, आणि मग फ्लॅश कॅनन, ती सायकिक-फेअरी आहे, आर्चालुडॉन एवढ्यासाठीच आहे. फक्त सोबत इनडीडी असेल तर सायकिक टेरेनमध्ये फेक आउट जाणार नाही. तिथे रिलाबूमचं टेरेन वर राहायला हवं. टेरेन आणि वेदर दोघांचा नियम एकच, एकदम आत आले तर जो फास्ट त्याची ॲबिलिटी आधी चालते आणि जो स्लो त्याची नंतर, म्हणजे स्लोवाल्याचंच टिकतं. रिलाबूम आणि मादी इनडीडी दोघांचा बेस स्पीड 85 आहे, बाकी ईव्हीवर.

सिनिस्चा घोस्ट आहे, फेक आउट लागतच नाही. आणि ती शेजारी उभी राहून रेज पावडर मारते, मग तुझा टाँट जिथे मारलास तिथे न जाता तिच्याकडे ओढला जातो. इथे रिलाबूमचा खरा फायदा आहे, तो ग्रास आहे, जेन 6 पासून ग्रासवाल्यांवर पावडर चालत नाही. त्यामुळे रिलाबूमचा टाँट रेज पावडरला न जुमानता थेट ट्रिक रूमवाल्याकडे जातो. ग्रूकी लहानपणापासून टाँट शिकतो, लोक विसरतात आणि त्या जागी यू-टर्न घालतात. मी टाँट ठेवते. असॉल्ट व्हेस्ट मात्र रिलाबूमला घालू नकोस. एक तर आर्चालुडॉनकडे आहे आणि एक आयटम दोघांना चालत नाही, दुसरं म्हणजे व्हेस्ट घातल्यावर टाँट मारताच येत नाही. मिरॅकल सीड दे आणि मोकळा हो.

आता टॉर्कोल. त्याचा बेस स्पीड 20. ट्रिक रूमवाले त्याला शून्य आयव्ही (जन्मजात पॉइंट) आणि स्पीड कमी करणारा नेचर देऊन 22 वर आणून ठेवतात. म्हणजे तू पेलिपरने लीड केलंस आणि त्याने टॉर्कोलने, तर आधी तुझा पाऊस पडतो आणि लगेच त्याचं ऊन पडतं. दर वेळी. मग तुझा आर्चालुडॉन एक टर्न चार्ज करत उभा, हरिकेन पण ऊन्हात निम्म्या वेळा हुकणार.

म्हणून टॉर्कोल दिसला की पेलिपर मागे ठेव. लीडला रिलाबूम आणि इन्सिनरोअर. समोर फारिगिराफ आणि टॉर्कोल आले असं धर. पहिल्या टर्नला रिलाबूमने फारिगिराफला टाँट. इन्सिनरोअरने टॉर्कोलवर पार्टिंग शॉट, आणि आत पेलिपर. अजून ट्रिक रूम लागलेली नाही, इन्सिनरोअर स्पीड न देता पण 80 चा, टॉर्कोल 22 चा, म्हणजे पेलिपर येऊन पाऊस सुरू झाल्यावरच टॉर्कोल इरप्शन मारतो. त्याचा स्पेशल अटॅक एक पायरी पडलेला, पावसात फायर निम्मं, दोघांना लागतो म्हणून पाऊणच. पेलिपर पाण्याचा, त्याला तर गुदगुल्या. रिलाबूमला थोडं लागेल, पण मरत नाही.

फारिगिराफकडे मेंटल हर्ब (टाँट एकदा उतरवणारा आयटम) असेल तर टाँट वाया जाऊन ट्रिक रूम लागेलच. लागू दे. पेलिपरचा प्रोटेक्ट काढून तिथे वाइड गार्ड घाल. वाइड गार्डची प्रायॉरिटी अधिक तीन, ट्रिक रूममध्ये प्रायॉरिटी उलटी होत नाही, आणि तो आपल्याच बाजूला लागतो म्हणून आर्मर टेलचा संबंध नाही. इरप्शन, हीट वेव्ह, रॉक स्लाइड सगळं अडतं. लावलेला टर्न धरून ट्रिक रूम पाच टर्न, म्हणजे तुला चारच काढायचेत. त्यातला एक वाइड गार्डमध्ये, एक स्विच करण्यात, एक प्रोटेक्टमध्ये गेला की एकच उरतो.

उर्सालूना असेल तर हे चालणार नाही. हेडलाँग रश एकालाच लागतो म्हणून वाइड गार्ड निरुपयोगी, आणि ग्रासी टेरेन पण तो निम्मा करत नाही. तिथे आर्चालुडॉन समोर उभा ठेवू नकोस, तो रश आर्चालुडॉनवर येणार वाटलं की पेलिपर आत घाल, उडतोय, लागणार नाही.

पाचीरिसू_जिंदाबाद

एवढे सगळे रिलाबूम इन्सिनरोअर, आवडता पोकेमॉन घेऊन खेळायचं कुणी का सांगत नाही? 2014 च्या वर्ल्ड्सला (जागतिक स्पर्धेला) से जून पार्कने पाचीरिसू, ती इलेक्ट्रिक खार, घेऊन मास्टर्स (मोठ्यांचा गट) जिंकलं होतं. पाचीरिसू!! मी माझा रायचू काढणार नाही म्हणजे नाही.

गप्प_बस_स्नोरलॅक्स

हे उदाहरण येणार हे माहीतच होतं. अरे पण तो पाचीरिसू गोंडस आहे म्हणून नव्हता आणला. फॉलो मी मारून तो अंगावर मार ओढायचा, व्होल्ट ॲब्झॉर्ब असल्याने इलेक्ट्रिक मूव्ह आला तर उलट एचपी भरायचा, आणि शेजारी मेगा गॅराडॉस, ज्याला इलेक्ट्रिकचं भय. सुपर फँगने समोरच्याचं उरलेलं एचपी अर्धं, म्हणजे त्याला स्वतःला अटॅकमध्ये काही भरायचीच गरज नव्हती, सगळं टिकायला वापरलं. त्या टीममध्ये ती जागा रिकामी होती आणि ती नेमकी भरणारा हा सापडला. तुझा रायचू अशी कुठली जागा भरतो ते सांग, मग मी पण त्याच्या बाजूने भांडेन.

पाचीरिसू_जिंदाबाद

लायटनिंग रॉड, इलेक्ट्रिक मूव्ह स्वतःकडे ओढतो. पेलिपरला इलेक्ट्रिक चौपट लागतं ना. आणि फेक आउट पण आहे.

कोथरूडची_जिगलीपफ

हे चांगलं बोललास. पाण्याचा आणि उडणारा असल्याने पेलिपर एका इलेक्ट्रिकने सॅशवर येतो, तेव्हा शेजारी रायचू वाईट नाही. मी तरी इन्सिनरोअर काढून नाही घालणार, पण ड्रॅगोनाइटच्या जागी एकदा खेळून बघता येईल.

मुसळधार_पेलिपर

ताई, स्नोरलॅक्सभाऊ, दोघांना दंडवत. गार्चोम्प आणि व्होल्कारोनाला निरोप दिला, गार्चोम्पला काढताना जरा जड गेलं. रात्री थोडे गेम खेळलो, टॉर्कोलवाला एक आला, ते पार्टिंग शॉटवरून पेलिपर आत आणायचं तसंच्या तसं केलं, इरप्शन खरंच काहीच लागला नाही. मग त्याने टॉर्कोल मागे घेऊन पुन्हा आत आणला, परत ऊन. मी पेलिपर मागे, परत पुढे. असे दोघं वेड्यासारखे वेदर बदलत बसलो आणि त्याची ट्रिक रूम संपली. मग बॅस्क्युलेजियन आणला. दोन पडले होते त्यामुळे लास्ट रिस्पेक्ट्स दीडशेचा, फारिगिराफ नॉर्मल म्हणून त्याला लागत नाही पण टॉर्कोल गेला.

आता दोन शंका. एक, आर्चालुडॉनला टेरा (लढतीत एकदा प्रकार बदलायची सोय) कुठला? मी ड्रॅगन ठेवलाय. दोन, टायरॅनिटार आला की वाळूने पाऊस जातो, तिथे पण पेलिपर मागेच का?

गप्प_बस_स्नोरलॅक्स

टेरा ड्रॅगन काढ. आर्चालुडॉनला मारायचं तर मुख्यतः फायटिंग आणि ग्राउंड, टेरा ते चुकवायला वापर. फेअरी ठेवलास तर फायटिंग उलट कमी लागतं आणि ग्राउंड साधं. ग्रास ठेवलास तर ग्राउंड कमी, फायटिंग साधं, शिवाय अमूंगसचा झोपवणारा स्पोर लागत नाही आणि रेज पावडर पण गेली. फायर वाढतं, पण ते पावसात निम्मं होतंय. मी ग्रास ठेवतो. आणि टेरा म्हणजे मेंढीकोटातला बंद हुकूम आहे, पहिल्याच डावात उघडून बसू नकोस, समोरच्याने हेडलाँग रश टाकायची वाट बघ. पुढेमागे टूर्नामेंट खेळलास तर तिथे ओपन टीम शीट असते, टेरा, मूव्ह, आयटम, ॲबिलिटी सगळं समोरच्याला आधीच दिसतं, फक्त ईव्ही आणि नेचर झाकलेलं. शोडाउनवर बेस्ट ऑफ थ्री वाला लॅडर तसाच आहे, तिकडे जा, साध्या लॅडरवर लोक एकदाच चालणाऱ्या युक्त्या घेऊन बसलेले असतात.

झिपऱ्या_बॉस

मीच तो एकदाच चालणाऱ्या युक्त्यावाला.

कोथरूडची_जिगलीपफ

टायरॅनिटारचा बेस 61, पेलिपरचा 65. म्हणजे इथे आकडा तुझ्या हातात आहे. तू पेलिपरला 252 स्पीड दिलास तर तो बहुतेक वेळा फास्ट, म्हणजे लीडला बहुतेक वाळूच टिकणार. स्पीड न देता ठेवलास तर 85 चा, आणि बरेच टायरॅनिटार थोडाफार स्पीड घेऊन येतात, मग पाऊस टिकतो. पण तसं केलंस तर टेलविंड लावायला उशीर होतो आणि बरेच जण आधीच येऊन मारतात, सॅश त्यासाठीच आहे. मी स्पीड देत नाही, एचपी आणि स्पेशल अटॅकमध्ये टाकते, टेलविंड लागला की जेन 8 पासून त्याच टर्नला शेजाऱ्याचा स्पीड पण वाढतो, म्हणजे पेलिपरपेक्षा स्लो असलेला शेजारी त्याच टर्नला पुढे सरकतो.

मुसळधार_पेलिपर

मग सॅश काढून डॅम्प रॉक घालू का, पाऊस पाचाचा आठ टर्न होईल?

कोथरूडची_जिगलीपफ

नको. आठ टर्न पाऊस पाडायला पेलिपर आधी पहिला टर्न जगला पाहिजे. आणि पुढच्या वेळी टीम पेस्ट कर बाबा, स्पीडचे आकडे विचारत बसावं लागतं.